डावऱ्या हाताचं सारवण

आधीच सांगून ठेवते. आमच्या खोलीत आलात की समोरच्या भिंतीवरची फळी बघून नाक मुरडायचं नाही. चित्राला कुणी शेण लावतं का, असंही विचारायचं नाही. विचारून विचारून लोकांनी माझं डोकं खाल्लंय. परवा शेजारच्या छबूबाईची नवी सून आली आणि म्हणाली, "काकू, हे खराब झालंय, काढून टाका की." मी म्हटलं, "बाई, आधी चहा पी. मग केसरबाई कोण होत्या ते ऐक. मग तूच सांग, काय काढून टाकायचं ते."

केसरबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. भोसरीच्या माळापलीकडं आमची चार-दोन घरांची वस्ती होती, तिथं सगळे त्यांना डावरी म्हणायचे. बाईचं सगळं डाव्या हातानं. विळा डावा, भाकरी डावी, आणि मारायला उठल्या तर तो हातसुद्धा डावाच. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं उलथन्याचे चटके देऊन बघितले. तेवढ्यानं जेवायचं उजव्या हातानं शिकल्या, देवाला फूल उजव्यानं वाहायला शिकल्या. पण जमीन सारवायला बसल्या की उजवा हात मांडीवर आणि डावा शेणात. आता सारवायचं कसं असतं, हात अर्धा गोल फिरतो, एका वेढ्याला दुसरा वेढा चिकटतो आणि वाळल्यावर जमिनीवर बोटांच्या कमानी राहतात. वस्तीतल्या सगळ्या बायकांच्या कमानी एका अंगाला वळायच्या, आत्याबाईंच्या दुसऱ्या अंगाला. दारातून आत डोकावलं की परकं माणूससुद्धा ओळखायचं, हे डावरीचं घर.

मी महाळुंग्याची. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा आधी ठेचच लागली, एवढा अंधार. एकच लांब खण. अर्ध्यात बैल आणि म्हैस, अर्ध्यात आम्ही, मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडून बैल तोंड काढून माझ्याकडं बघायचा आणि मी भाकरी थापायची. धुरानं आढं काळंकुट्ट. चुलीच्या वर एक कौल सरकलेलं होतं, तिथून उजेडाचा एक कवडसा आत पडायचा आणि दिवसभर जमिनीवरनं सरकत जायचा. उतरंडीपाशी आला की न्याहारी, जात्यापाशी आला की दुपारची भाकरी. एकदा आमच्या ह्यांनी, म्हणजे ज्ञानदेवांनी, शिडी लावून ते कौल बसवायला घेतलं तर आत्याबाई खालून ओरडल्या, "हात लावशील तर बघ! माजं घड्याळ हाय ते." सासरे लवकर गेले होते. ह्या बाईनं एकटीनं औत हाकलं, पोर वाढवलं आणि दर सणाला घर सारवलं.

बासष्ट सालापासून आमच्याकडं मोजणीवाले फिरायला लागले. एकेक शिवार कारखान्यात जायला लागलं. आमचा माळ उशिरा गेला, पण गेला. ह्यांना तोवर दुसऱ्या एका कंपनीत पेंटशॉपला काम लागलं होतं, म्हणून आम्ही कासारवाडीला रुळांच्या अलीकडं चाळीत खोली घेतली. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, बाहेर नळ. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. शेण नाही, धूर नाही, फडकं मारलं की जमीन साफ. मी तर पहिल्या दिवशी फरशीवर आडवीच झाले, गार लागतीया म्हणून.

आत्याबाईंना मात्र त्या खोलीत बसवेना. पायाला भिंगरी लागली बाईच्या. बसायच्या, उठायच्या, दारात जायच्या, परत यायच्या. फरशीवर बसल्या की डावा हात आपोआप फिरायला लागायचा, कोरड्या फरशीवर, इकडून तिकडं. मी म्हणायची, "आत्याबाई, काय पुसताय? आत्ताच पुसलंय मी." त्या हात काढून घ्यायच्या आणि दाराकडं बघायच्या. गाडीची शिट्टी झाली की मी हातातलं काम टाकून दाराकडं बघायची, कारण म्हातारी कधी निघून जाईल याचा नेम नसायचा. रूळ ओलांडायचे, हमरस्ता ओलांडायचा आणि चालत सुटायचं, थेट भोसरीच्या माळावर.

तिथं होतं काय? भिंत होती, फाटक होतं आणि फाटकावर वॉचमन होता. आमची चूल आता त्यांच्या कॅन्टीनच्या मागं कुठंतरी गाडली गेली होती. आत्याबाई फाटकाशी उभ्या राहून वॉचमनला म्हणायच्या, "बाबा, जरा जाऊन येते आत. लगेच निघते." तो बिचारा भला माणूस, स्वतःच्या स्टुलावर बसवायचा, पाणी द्यायचा. मी धापा टाकत पोचायची आणि हाताला धरून परत आणायची. वाटेत मी भांडायची, त्या मागं वळून फाटकाकडं बघायच्या. घरी आल्यावर मी भात टाकायला वळले की परत पायात चपला. देवाशपथ सांगते, माझ्या दोन पोरी लहान होत्या, पण त्यांच्यापेक्षा ह्या एका बाईवर डोळ्यात तेल घालून बसायला लागायचं.

अशात भीमराजभाऊंनी कॅलेंडर आणलं. भीमराज म्हणजे ह्यांच्या पेंटशॉपमधला दोस्त, दापोडीचा, तोंडानं फटकळ पण मनानं सोनं. रंग पुरवणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचं कॅलेंडर साहेबाच्या केबिनमध्ये वर्षभर लटकत होतं. जानेवारी लागला तशी जुनी पानं फेकायला काढली, त्यातलं एक भाऊंनी उचललं. "वहिनी, हे बघा, फॉरेनचं चित्र. पण घर आपल्यासारखंच वाटलं, म्हणून आणलं," असं म्हणून त्यांनी ते खिळ्याला अडकवलं.

मी जवळ जाऊन बघितलं तर नुसता राडा. पिवळ्या रंगाचा फराटा, निळा ठिपका, मध्येच तांबडं काहीतरी. मी म्हटलं, "भाऊ, कुणी ब्रश पुसलाय का याच्यावर?" ते म्हणाले, "मागं सरा, वहिनी. दारापाशी जा." दारापाशी गेले आणि बाई गं! घरच दिसलं की. ठेंगणं आढं, कोपऱ्यात गवत, तांब्याचं भांडं, जमिनीवर एक कोंबडी आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेली बाई. खिडकीतून ऊन आत आलेलं आणि जमिनीवर पडलेलं. भाऊ म्हणाले, "साहेब म्हणत होता, याला इंप्रेशनिस्ट का काय म्हणतात. बघितल्याबरोबर मनावर जेवढं उमटलं तेवढंच काढायचं. बारीक करत बसायचं नाही."

आत्याबाई दारातच होत्या, निघायच्या बेतात. त्या थबकल्या. आत आल्या. चित्रासमोर बसल्या आणि बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जमीन चांगली सारवलीया हिनं."

"कुणी, आत्याबाई?"

"ह्या बाईनं. हात दिसतुया बघ तिचा. उजव्या हाताची हाय."

मी जवळ जाऊन बघितलं. त्या गोऱ्या चित्रकारानं जमिनीवर ब्रशाचे फराटे मारले होते, सगळे एका अंगाला वळलेले. आता त्या मुलखात कुणी शेणानं सारवतं का नाही मला काय ठाऊक? पण म्हातारी ठाम. कोंबडी चुलीच्या इतकी जवळ आलीया म्हणून नावं ठेवली, बाई पाठमोरी बसलीया म्हणून काळजी केली. "एकलीच हाय गं बिचारी," म्हणाल्या. त्या दिवशी त्या कुठं गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची.

कुठली सुटतेय! शिमगा जवळ आला तशी त्यांची चुळबुळ परत सुरू झाली. चित्राकडं बघायच्या आणि उठायच्या. "हिची जमीन सारवून झाली. माजी राहिलीया. पाडवा आला, लोकं काय म्हणतील?" आणि चालल्या! मी दार आडवलं तर मला ढकलून गेल्या. अंगात बळ कुठून यायचं देव जाणे.

हे सगळं आमचे हे बघत होते. माणूस मुळात अबोल, त्यात दिवसभर तोंडाला फडकं बांधून पत्र्यावर रंगाचा फवारा मारायचा. त्यांच्या कामाचा एकच नियम, रंगावर कुठं फराटा दिसला, हाताची खूण दिसली, की माल नापास. पण लहानपणी बेंदराला अख्ख्या वस्तीच्या बैलांची शिंगं ह्यांनीच रंगवलेली. एका रविवारी ते उठले आणि खोक्याची एक फळी घेऊन बसले. मशिनची खोकी फुटली की फळ्या कामगारांना नेऊ द्यायचे, त्यातलीच. म्हणाले, "आयेला आपलंच घर काढून देतो. म्हणजे जाणार नाही."

काढलं. काय सुरेख काढलं म्हणून सांगू! भिंत सरळ, उतरंड गोल, बैल असा की हात लावावा. रंग इतका गुळगुळीत की तोंड दिसावं. मी तर म्हटलं, "अहो, तुम्ही पाट्या रंगवायचा धंदाच काढा." आत्याबाईंना समोर बसवलं. त्यांनी बघितलं, मान एकदा इकडं केली, एकदा तिकडं केली.

"कुणाचं घर रं हे, ज्ञानू?"

"आपलंच की, आये! हा आपला ढवळ्या, हे जातं."

"न्हाई बा," त्या म्हणाल्या. "ह्या घरात बाई न्हाई. जमीन कुणी सारवलीच न्हाई."

असं म्हणून उठल्या आणि फरशीवर फेरे घालायला लागल्या. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला असा राग आला म्हातारीचा! पोरानं जीव ओतलाय, चांगलं म्हणायला काय जातंय? पण चांगलं म्हणायचा स्वभावच नव्हता त्यांचा, माझ्या भाकरीला तरी कधी म्हणाल्या?

त्याच आठवड्यात ते घडलं. मी पोरीची वेणी घालत होते, तेवढ्यात बाहेर गलका झाला. धावत गेले तर रुळांवर आत्याबाई, आणि लोणावळ्याकडून गाडी आलेली. रुळांवर काम करणाऱ्या एका गँगमननं दंडाला धरून ओढलं म्हणून वाचल्या. गाडी धडधडत गेली, वाऱ्यानं त्यांचा पदर उडाला, आणि आत्याबाई त्या माणसावरच खेकसल्या, "सोड की मेल्या, पाडवा तोंडावर आलाय!" घरी आणेपर्यंत मला रडू आवरलं नाही.

संध्याकाळी हे आले, ऐकलं, आणि तसेच परत बाहेर गेले. आले ते कुलूप घेऊन.

"उद्यापासून बाहेर जाताना लावायचं," म्हणाले.

मी म्हटलं, "आत्याबाईंना कोंडायचं? जनावर हाय का त्या?"

"जनावराला दावं असतं म्हणून ते रुळावर जात नाही."

"वा! औत हाकून वाढवलं त्याचं हे फळ! मी न्हाई लावणार. तुमची आई, तुम्ही लावा, आणि नोकरी सोडून बसा दारात!"

कधी नव्हे ते ह्यांनी आवाज चढवला. "मग काय करू मी? तिला गाडीखाली मेलेली बघू?" आणि त्यांचे डोळे भरले. आत्याबाई कोपऱ्यात बसून फरशीवर डावा हात फिरवत होत्या, जसं काही आमचं बोलणं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. शेवटी ते म्हणाले, "पाडव्यापर्यंत थांबतो. तोवर तिचं जाणं थांबलं नाही तर कुलूप." कुलूप खुंटीला लटकलं. येता-जाता माझी नजर त्याच्यावर जायची आणि जीव टांगणीला लागायचा.

भीमराजभाऊंना कळलं तसे ते आले. गुळगुळीत चित्र बघून म्हणाले, "भावा, हे तू घर काढलं नाहीस, माल काढलाय. इन्स्पेक्शनला पास होईल. पण तुझ्या घरात एवढा उजेड होता का? मला तर तू सांगत होतास, अंधारात बैलाचे नुसते डोळे दिसायचे." हे भडकले, भाऊंना वाट्टेल ते बोलले. पण दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आल्यावर दुसरी फळी घेऊन बसले.

या खेपेला त्यांनी रेघ मारलीच नाही. कॅलेंडरातलं चित्र समोर ठेवलं, डोळे मिटून बसायचे आणि एकदम ब्रश टेकवायचे. काळा, तपकिरी, मध्येच जांभळा. मी म्हटलं, "धूर जांभळा असतोय व्हय?" तर म्हणाले, "बघ आठवून. उजेडात येतो तेव्हा असतो." आठवून बघितलं, तर खरंच की! चित्र चढत गेलं तसा मला त्या घराचा वास यायला लागला, मला, जिला ते घर सुटलं म्हणून बरं वाटलेलं! दारापाशी उभी राहून बघितलं की उतरंड दिसायची, भिंतीवरनं बैलाचं तोंड दिसायचं, आणि खाली जमिनीवर तो कवडसा, पिवळाधमक, जात्याच्या अलीकडं.

पण जमीन काही येईना. कवडशाभोवतीची जमीन. लावायचे, रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचे, परत लावायचे. कधी चिखल दिसायचा, कधी फरशी. पाडवा आठवड्यावर आला, मग दोन दिवसांवर. माणसाला जेवण जाईना. शेवटी त्यांनी कवडसा तेवढा ठेवून भोवतीच्या जमिनीचा सगळा रंग खरवडला, कोरं लाकूड उघडं पडलं, आणि ब्रश आपटून म्हणाले, "नाही जमत मला. संपलं." फळी भिंतीला टेकवून ठेवली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते पहिल्या पाळीला गेले. जाताना कुलपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "उद्यापासून," एवढंच म्हणाले.

आत्याबाई त्या अर्ध्या राहिलेल्या फळीसमोर बसल्या होत्या. जागच्या हलल्या नाहीत. मी म्हटलं, आज शांत दिसतायत, तेवढ्यात पाणी भरून घेऊ. छबूबाईला सांगितलं, "जरा लक्ष ठेव गं, आलेच मी." ती म्हणाली, "जा बिनघोर." आणि तिचं दूध उतू गेलं. हंडा घेऊन आले तर खोलीत कुणी नाही.

हंडा तिथंच टाकला. धावत सुटले रुळांकडं. समोरून मालगाडी चाललेली, ही लांबलचक, संपता संपेना. पलीकडचं काही दिसेना. एकेक डबा जात होता आणि मी देवाला एकच सांगत होते, उद्यापासून मी स्वतः कुलूप लावीन, पण आज पलीकडं काही दाखवू नकोस. गाडी गेली. रूळ मोकळे होते. हमरस्त्याच्या बाजूला कुणी नव्हतं. गँगमनला विचारलं, त्यानं न्हाई म्हणून मान हलवली.

रुळांच्या कडेला आमच्या अंगाला कोंडाजीचा म्हशींचा गोठा होता. तो धारा काढून हात धूत होता. मी ओरडले, "कोंडाजीमामा, आत्याबाई दिसल्या का?"

"म्हातारी? आत्ता तर गेली की माघारी तुमच्या चाळीकडं. शेण घिऊन गेली. घमेलं बी माजंच नेलं, विचारलं न्हाई का काय न्हाई, वर मलाच म्हनती, तुज्या म्हशीला पेंड कमी पडतीया."

मी काय धावले ते माझं मला माहीत. चाळीच्या मागच्या अंगानं आल्या असणार, म्हणून माझी-त्यांची चुकामूक झाली. दारात पोचले आणि पाऊल आत टाकणार तोच आवाज आला.

"थांब. पाय ठिवू नगस. वलं हाय."

फळी त्यांनी फरशीवर आडवी घातली होती. गुडघ्यावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर, डावा शेणात. ह्यांनी कोरं सोडलेलं लाकूड त्या सारवत होत्या. हात अर्धा गोल फिरत होता, वेढ्याला वेढा चिकटत होता, सगळ्या कमानी उलट्या, डावरीच्या. चुलीशी सारवलं, जात्याभोवती सारवलं. कवडशापाशी आल्या तेव्हा बोटं आवरती घेतली, त्याच्या कडेकडेनं हात फिरवला, उजेडाला शेण लागू दिलं नाही. मी उंबऱ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. त्यांनी मागं वळून बघितलं आणि म्हणाल्या, "रडाया काय झालं? वाळंल की दुपारपातूर. मग ये आत."

मला धास्ती होती ती ह्यांची. इतक्या दिवसांची मेहनत, त्यावर शेण! पाळी सुटल्याचा भोंगा झाला तसं मी दारातच उभी राहिले, काय बोलायचं ते जुळवत. ते आले. वास आधी आला असेल त्यांना. आत डोकावले. फळी भिंतीला टेकवलेली होती आणि आत्याबाई तिच्यासमोर पाय पसरून बसल्या होत्या, हात धुतलेले, डोक्यावर पदर. ह्यांची नजर त्या कमानींवरनं फिरली. मग वाकून चपला काढल्या, दाराबाहेर ठेवल्या. एरवी आतच काढायचे.

"ये रं ज्ञानू," आत्याबाई म्हणाल्या. "वाळलंय आता."

"आये, मला जमीनच जमत नव्हती."

"तुला कशी जमंल? ते बायामानसाचं काम. बाकी घर बरं काढलंस." बरं म्हणाल्या! मी ऐकलंय माझ्या कानांनी.

दुसऱ्या दिवशी गुढी उभी केली. कुलूप मी कोंडाजीला देऊन टाकलं, घमेल्याच्या बदल्यात, कारण घमेलं आत्याबाईंनी परत करायचं साफ नाकारलं. तिथून पुढं सण आला की त्या शेण आणायच्या, फळी उतरवायच्या आणि सारवायच्या. मधल्या दिवसांत पापुद्रा सुटला की बडबडत डागडुजी करायच्या. भटकणं अगदीच थांबलं असं नाही, कोंडाजीच्या गोठ्यापर्यंत जायच्याच, त्याला म्हशींवरून चार शब्द सुनवायला. पण रुळांपलीकडं परत गेल्या नाहीत.

एकोणऐंशीच्या थंडीत गेल्या. आजार असा नाहीच, सकाळी चहा घेतला, म्हणाल्या पाठ दुखतीया, पडते जरा, आणि मी पीठ मळेपर्यंत संपलं होतं. माणसं जमली, भीमराजभाऊ सुट्टी टाकून आले, खांदा दिला. मयत उचलून नेली आणि खोलीत आम्ही बायका उरलो.

मयत उठली की मागं ती जागा सारवायची असते, ते काम सुनेचं. छबूबाई म्हणाली, "फरशीच हाय कस्तुरे, दोन तांबे पाणी ओत, झालं." मी पाणी ओतलं, पुसलं. पण मला काही बसवेना. उठले, दारात गेले, परत आले, परत दारात गेले. मग तेच घमेलं घेतलं आणि कोंडाजीच्या गोठ्यात गेले. त्यानं स्वतःच भरून दिलं.

फळी खाली घेतली. चुलीपासून सुरुवात केली, दोन वेढे दिले आणि बघितलं तर कमानी भलत्याच अंगाला वळलेल्या. माझा उजवा हात! डावरीच्या घरात उजव्या हाताच्या कमानी! ते पुसून काढलं. उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा शेणात घातला. जमत नव्हतं. बोटं वळत नव्हती, कुठं जाड बसायचं, कुठं लाकूडच दिसायचं. छबूबाई दारातून बघत होती, तिला वाटलं माझं डोकं फिरलं. कवडशापाशी तर श्वास धरून एकेक बोट फिरवलं. आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कस्तुरे, कोंबडीनं उकरल्यावानी केलंस.

शेवटच्या वेढ्याला होते तेव्हा नदीवरून माणसं परतली. हे दारात आले, ओल्या धोतरानिशी, डोळे सुजलेले. त्यांनी चपला बाहेरच काढल्या होत्या. एक पाय उचलून ते आत येणार, तोच माझ्या तोंडून निघून गेलं.

"थांबा. पाय ठेवू नका. वलं हाय."